570 शब्द पाठ केले, तरी अडतं कुठे?

पेटची तयारी करणाऱ्यांच्या ग्रुपवर 'ॲकॅडेमिक वर्ड लिस्ट'ची पीडीएफ फिरत असते. "पाठ करू का?" असं पनवेलमधले ज्युनिअर्स विचारतात. माझं उत्तर: जरूर वापरा, पण ती काय सोडते तेही बघा.

न्यूझीलंडच्या ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी ही यादी 2000 साली प्रसिद्ध केली. कला, वाणिज्य, कायदा आणि विज्ञान या चार शाखांतल्या सुमारे 35 लाख शब्दांच्या मजकुरातून त्यांनी 570 शब्दकुळं निवडली. शब्द चारही शाखांत यायला हवा, ही अट होती. पद्धत चोख आहे. शैक्षणिक मजकुरातला साधारण दहावा हिस्सा या शब्दांनी व्यापलेला असतो.

पण दोन गोष्टी निसटतात. पहिली, कला शाखेत इतिहास, तत्त्वज्ञान, भाषाविज्ञान घेतलंय, साहित्य नाही. त्यामुळे एम.ए. इंग्लिशवाल्यांना 'आयरनी' इथे सापडणार नाही. दुसरी, मायकल वेस्ट यांच्या 1953च्या यादीतले सुमारे 2000 नेहमीचे शब्द 'हे येतातच' असं धरून वगळलेत. 'शो', 'सजेस्ट', 'क्लेम', 'आर्ग्यू' त्यातच गेले.

आणि आपण अडतो नेमके तिथेच! माझ्या पहिल्या ड्राफ्टमध्ये मी तीन नमुन्यांच्या जोरावर 'प्रूव्हज' लिहिलं होतं. गाइडनी ते खोडून 'सजेस्ट्स' केलं. दोन्ही शब्द शाळेतले, पण दाव्याचं वजनच बदललं. तसंच, समीक्षक 'आर्ग्यू' करतो म्हणजे भांडत नाही. कारणं देऊन मत मांडतो.

'क्रिटिकल रिव्ह्यू' म्हटलं की आपण मनात 'टीका' म्हणतो आणि दोष मोजत बसतो. पण ज्ञानेश्वरी ही गीतेवरची टीकाच आहे. तिथे टीका म्हणजे अर्थ उलगडणं. रिव्ह्यूमध्येही आधी समजून घ्यायचं, मग पुरावा आणि पद्धत तोलायची.

मग करायचं काय? साहित्यवाल्यांनी 'वाङ्मयीन संज्ञा-संकल्पना कोश' उघडावा. तो नुसता प्रतिशब्द देऊन थांबत नाही, संकल्पना समजावतो. बाकी सगळ्यांनी आपल्या विषयातले पाच पेपर घ्या आणि कोणत्या पुराव्यापुढे लेखकाने कोणतं क्रियापद वापरलंय ते वहीत उतरवा.

व्हायवात शब्दार्थ कुणी विचारत नाही. "हे कशावरून म्हणता?" एवढंच विचारतात.