होडीच्या पाठीवर होडी

साउदॅम्प्टनला सप्टेंबरात भरणाऱ्या बोट शोला गेलात, तर मोटर यॉटच्या चकचकीत नाळेपुढे फोटो काढून झाल्यावर जरा मागच्या बाजूला चला. तिथे पाण्याच्या थोडी वर एक सपाट फळी दिसेल. तिला म्हणतात स्विम प्लॅटफॉर्म. पोहून आल्यावर वर चढायचं ते इथून. पण अनेक मालकांना तिचा दुसराच उपयोग सुचतो: तिच्यावर डिंगी ठेवायची. (डिंगी हा शब्द मूळचा आपल्याकडचाच, इंग्रजीने तो हिंदी-बंगालीतून उचलला.) यॉट नांगरली की किनाऱ्यावर जायला छोटी होडी लागतेच. ती दोरीने मागे ओढत न्यायची तर वेग घटतो आणि खवळलेल्या पाण्यात ती उलटू शकते. म्हणून फळीवर ब्रॅकेट बसवून घेतात.

अडचण खरी आहे, उपायही समजण्यासारखा आहे. माझी तक्रार आहे ती त्यामागच्या नजरेबद्दल. रिकामी जागा दिसली की ती सामानासाठीच, असं धरून चालतात. मुंबईच्या फ्लॅटमध्ये बाल्कनीचं जे होतं, तेच इथे.

आधी वजनाचं बघा. माझं पोस्टडॉकचं काम फायबरग्लाससारखे पदार्थ पुन्हापुन्हा भार सोसून कसे थकतात यावर आहे, त्यामुळे नजर तिकडेच जाते. समजा, इंजिनासकट डिंगी 120 किलोची आहे आणि तिचा भार यॉटच्या मागच्या भिंतीपासून 70 सेंटिमीटर बाहेर पडतो. फळीच्या आधाराच्या वरच्या आणि खालच्या बोल्टांत 30 सेंटिमीटर अंतर असेल, तर वरच्या बोल्टांवर मिळून 280 किलोची ओढ येते. यॉट लाटेवर आपटून भार क्षणभर तिप्पट झाला, तर 840. तेव्हा 'दोन माणसं उभी राहतात की तिच्यावर' हा युक्तिवाद फसवा आहे. माणसं नांगरलेल्या बोटीवर उभी राहतात; डिंगी प्रवासभर तिथेच असते आणि लाटेगणिक झटका देते.

बोल्टाच्या भोकातून पाणी झिरपलं, तर फायबरग्लासच्या दोन थरांमधलं प्लायवुड कुजू लागतं आणि बाहेरून काही कळत नाही. जाणता कारागीर आधी मोठं भोक पाडून ते इपॉक्सीने भरतो, त्यातून बोल्टचं भोक पाडतो आणि आतून रुंद पट्टी लावतो. या कामाचं सगळं मोल त्या पट्टीत आहे, आणि जाहिरातीतल्या फोटोत नेमकी तीच दिसत नाही.

दुसरी गोष्ट दिव्याची. समुद्रावरच्या टकरी टाळण्यासाठी 1972 साली ठरलेल्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे बोटीचा मागचा पांढरा दिवा 135 अंशांच्या टप्प्यात दिसायला हवा. डिंगी कुशीवर उभी करून बांधली की तिच्या पोटाआड तो झाकला जाऊ शकतो.

पण सगळ्यात मोठा प्रश्न शिडीचा. पाण्यात पडलेल्या माणसाला दुसऱ्या कुणाच्या मदतीवाचून वर येता आलं पाहिजे, अशी अट युरोपीय संघाच्या 2013च्या निर्देशात आहे. ब्रिटनच्या 2017च्या नियमांतही आहे. ही अट मुख्यतः बोट बांधून विकणाऱ्यासाठी. पुढे शिडीसमोर काय बांधायचं ते बहुतेकदा मालकाच्या अकलेवर. इथल्या गार पाण्यात दहाएक मिनिटांतच हातातली ताकद जाऊ लागते. तेवढ्या वेळात कुणी डिंगीचे पट्टे सोडत बसेल का? त्यात बोटीवर दोघंच असतील आणि त्यांतलं एक पाण्यात असेल, तर सोडणार कोण?

चांगली कामंही होतात. काही यॉटवर अख्खी फळीच हायड्रॉलिक यंत्राने पाण्याखाली उतरते आणि डिंगी आपोआप तरंगते. पण त्या यंत्राचंही वजन असतं आणि लहान यॉट त्याने मागे बसते. मला त्याहून साधा उपाय पटतो: हलकी डिंगी, काढता येणारे आधार आणि एका कडेला कायम मोकळी ठेवलेली शिडी. दिसायला हे जरा तिरकं आणि ओबडधोबड वाटतं खरं. वाटू दे.

तेव्हा बोट घ्या, भाड्याने घ्या किंवा मित्राच्या बोटीवर पाहुणे म्हणून जा. निघण्याआधी एवढंच विचारा: डिंगी चढवलेली असताना शिडी कुठे आहे? उत्तराऐवजी बोटाने डिंगीकडे दाखवलं, तर ते काम फसलं आहे, मग पॉलिश कितीही चमको.