एका क्रियापदाचे इमान

इंग्रजीतील ‘सेड’, म्हणजे आपले ‘म्हणाला’ किंवा ‘म्हणाली’, हे क्रियापद इतके सर्वसंचारी आहे, की वाचकाची दृष्टी विरामचिन्हावरून सरकावी तशी त्याच्यावरून सरकून जाते. परंतु दोन महायुद्धांमधल्या काळातील अमेरिकन वृत्तलेखन बारकाईने वाचू लागले, म्हणजे त्या काळच्या गद्यकलेतील एक मोठा झगडा या एवढ्याशा शब्दाभोवती चालला होता, असे प्रत्ययास येते.

१९१७ च्या ऑक्टोबरात अठरा वर्षांचा अर्नेस्ट हेमिंग्वे ‘कॅन्सस सिटी स्टार’ या दैनिकात उमेदवारी करू लागला, तेव्हा त्या कचेरीच्या लेखननियमांत आखूड वाक्ये, आखूड पहिला परिच्छेद आणि जोरकस भाषा यांचा आदेश होता. तेथे तो जेमतेम सहा-सात महिने राहिला; तथापि त्या तालमीचे फळ १९२७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द किलर्स’ या कथेत दिसते. एका खाणावळीत दोन भाडोत्री मारेकरी येऊन बसतात, पदार्थांवरून हुज्जत घालतात, आणि त्यांच्या तोंडच्या वाक्यांमागे लेखक जवळजवळ नुसते ‘सेड’ किंवा ‘आस्क्ड’ ठेवतो. ते दरडावून बोलले की हसत बोलले याचा उलगडा तो करीत नाही, आणि म्हणूनच भीती वाचकाच्या मनात हळूहळू साकळत जाते. वृत्तलेखनातील संयमाने ललित वाङ्मयाला दिलेले याहून मोठे देणे मला ठाऊक नाही.

‘टाइम’ साप्ताहिक नेमके उलट दिशेने गेले. ३ मार्च १९२३ रोजी निघालेल्या या पत्राचे संस्थापक ब्रिटन हॅडन व हेन्री ल्यूस हे येल विद्यापीठातील सहाध्यायी. पैकी हॅडन हा होमरचा भक्त, आणि ‘इलियड’मधील सामासिक विशेषणांचा व उलट्या पदक्रमाचा साज त्याने आठवड्याच्या बातमीवर चढवला. क्रियापद आधी, मग बोलणाऱ्याच्या डोळ्यांचे वा अंगकाठीचे जोडविशेषण, आणि शेवटी त्याचे नाव, असा दरबारी थाट तेथे रूढ झाला. शिवाय माणसे नुसती बोलेनाशी झाली, ती गुरगुरू आणि खेकसू लागली. (आपला ‘पंडित’ शब्द तज्ज्ञ भाष्यकार या अर्थाने अमेरिकन बोलण्यात रुळण्यास याच साप्ताहिकाचा हातभार लागला, हे जाता जाता नमूद केले पाहिजे.) हॅडन १९२९ साली, अवघ्या एकतिसाव्या वर्षी वारला, पण शैली उरली; १९३६ साली ‘द न्यू यॉर्कर’मध्ये वोल्कॉट गिब्ज याने ल्यूसचे व्यक्तिचित्र त्याच उफराट्या शैलीत रंगवून तिचे विडंबन केले. गिब्जचा रोख मुख्यतः पदक्रमावर होता. मला मात्र पदक्रम हा केवळ अलंकाराचा दोष वाटतो, खरी हानी क्रियापदांत आहे. ‘टाइम’चे लेखक प्रारंभीच्या वर्षांत बहुतांशी इतर वर्तमानपत्रांची कात्रणे समोर ठेवून लिहीत, जो आवाज आपल्या कानांनी ऐकला नाही, तो खेकसल्याचा दाखला त्यांनी कोणत्या आधारावर द्यावा?

आपल्या मराठीजवळ ‘म्हणे’ आहे. ‘त्याने पैसे घेतले’ या वाक्यात हे एक अव्यय घातले, की ती वार्ता ऐकीव ठरते आणि सांगणारा तिच्या जामिनातून मोकळा होतो. इंग्रजी वार्ताहराजवळ अशी आयती सोय नसल्यामुळे तो ‘क्लेम्ड’, ‘अ‍ॅडमिटेड’, ‘इन्सिस्टेड’ अशा क्रियापदांकडे वळतो, आणि त्यांतले प्रत्येक क्रियापद कोणते तरी एक पारडे जड करते: पहिल्यात अविश्वास, दुसऱ्यात गुन्ह्याची कबुली, तिसऱ्यात हट्ट. १९३५ च्या आरंभी न्यू जर्सीतील फ्लेमिंग्टन या लहानशा गावी, विख्यात वैमानिक लिंडबर्गच्या तान्ह्या मुलाच्या खुनाबद्दल ब्रुनो हाउप्टमानवर खटला चालला, तेव्हा डेमन रन्यन व वॉल्टर विंचेल यांच्यासह वार्ताहरांची तेथे एवढी झुंबड उडाली, की गावाला जत्रेचे रूप आले. ज्या आरोपीच्या डोक्यावर देहान्त शासनाची टांगती तलवार आहे, त्याची जबानी टिपताना ‘तो म्हणाला’ आणि ‘त्याने कबूल केले’ यांतील अंतर हे शैलीचे अंतर राहत नाही. उद्या निकालाविषयी लोकांचे मत काय होणार, ते त्या एका शब्दाने आजच घडत असते. न्यायालयीन लघुलेखकाच्या दप्तरात मात्र प्रश्न आणि उत्तर यांची आद्याक्षरे तेवढी मांडलेली असतात. तेथे कोणी कबूल करीत नाही, कोणी दावा करीत नाही, कोणी खेकसत नाही.