प्रावरणी, मालिश आणि नऊ हजार न्यूटन

पाठ धरली, मान आखडली, टाच ठणकू लागली, की हल्ली 'तुमचा फॅशिया आखडला आहे, तो मोकळा करायला हवा' असे निदान ऐकू येते. फॅशिया म्हणजे मराठीत प्रावरणी. तिच्यावर उपचार म्हणजे बोटांनी, कोपराने किंवा फोमच्या रुळाने दिलेला सावकाश, खोल दाब. या मालिशने बरे वाटलेली माणसे पुष्कळ आहेत आणि त्यांच्या अनुभवावर आमचा आक्षेप नाही. आक्षेप आहे तो त्या अनुभवाला जोडल्या जाणाऱ्या स्पष्टीकरणावर. 'गुण आला ना, मग कारण काही का असेना' असे म्हणून तो सोडून देता येत नाही. का, ते पुढे येईलच.

मटणाच्या तुकड्यावर जो पांढुरका, चिवट पापुद्रा असतो, ती प्रावरणी. स्नायूंना वेढणारी संयोजी ऊतीची ही आवरणे कोलॅजेन या प्रथिनाच्या धाग्यांनी बळकट झालेली असतात. मांडीच्या बाहेरच्या अंगाला आणि तळपायाला ती जाड पट्ट्यासारखी असते, त्वचेखाली विरळ असते.

प्रावरणीला उपचाराच्या केंद्रस्थानी आणले ते मुख्यतः अमेरिकेतील आयडा रॉल्फ (१८९६-१९७९) यांनी. १९२० साली कोलंबिया विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवलेल्या त्या जीवरसायनशास्त्रज्ञ होत्या. 'रॉल्फिंग' या आपल्या पद्धतीवरील ग्रंथ त्यांनी १९७७ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांची मांडणी थोडक्यात अशी: संयोजी ऊती जेलीसारखी घट्ट होते; दाबाच्या रूपाने ऊर्जा दिली की ती पातळ होते आणि मग तिला नवा आकार देता येतो. पुढे आलेल्या अनेक पद्धतींनी हेच स्पष्टीकरण उचलले.

ही कल्पना पटकन पटते, कारण जेली पातळ होताना आपण पाहिलेली असते. पण पायाचे सूप करणाऱ्यांना विचारा. कोलॅजेनचे जिलेटिन होण्यासाठी ते तासन्‌तास उकळावे लागते. गार झाल्यावर थिजणारे आणि हाताच्या उबेने वितळणारे ते जिलेटिन; मूळ कोलॅजेनचे धागे हाताच्या उबेला दाद देत नाहीत. शिवाय ढवळल्यावर पातळ होणारे पदार्थ स्थिर ठेवले की पुन्हा घट्ट होतात. टोमॅटो सॉसची बाटली हेच दाखवते. म्हणजे प्रावरणी खरोखर अशी असली, तरी उपचार संपताच ती पूर्वपदावर येईल. टिकाऊ बदलाचे स्पष्टीकरण यातून मिळत नाही. आणि दाबाने ती सैल होत असती, तर दिवसभर फळ्यापाशी उभ्या राहणाऱ्या शिक्षकांच्या तळपायाची कमान केव्हाच सपाट झाली असती!

दाब किती लागेल, याचे गणितही झाले आहे. चौधरी आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये एक त्रिमितीय गणिती प्रतिमान मांडले. मांडीच्या प्रावरणीत केवळ १ टक्का संपीडन आणि १ टक्का सरक घडवायला सुमारे ९,००० न्यूटनचा लंब दाब आणि सुमारे ४,५०० न्यूटनचे स्पर्शरेषीय बल लागेल, असे त्यातून निघाले. ९,००० न्यूटन म्हणजे सुमारे ९२० किलोग्रॅम वजनाइतका भार. तो कोणाच्या कोपराने द्यायचा? नाकावरच्या मऊ प्रावरणीत मात्र हाताने बदल शक्य दिसला. हे प्रतिमान आहे, प्रत्यक्ष रुग्णावरील मोजमाप नव्हे, हे लक्षात ठेवावे. पण त्याच्या लेखकांत रॉबर्ट श्लाइप होते. ते स्वतः रॉल्फिंगचे शिक्षक. आपल्याच पद्धतीचे गृहीतक तपासायला घेणे, हे आम्हांला फार मोलाचे वाटते.

मग आराम का पडतो? उत्तराची दिशा मज्जासंस्थेकडे जाते. प्रावरणीत मज्जातंतूंची टोके असतात. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी व्यक्तींच्या कमरेच्या प्रावरणीत तीव्र मिठाचे पाणी टोचले, तेव्हा स्नायूत टोचल्यापेक्षा जास्त दुखले. म्हणजे प्रावरणी दुखू शकते, हे खरे. पण 'ती दुखते' आणि 'ती दाबून सैल होते' ही दोन वेगळी विधाने आहेत. पहिल्याचा पुरावा दुसऱ्याला लागू पडत नाही. दुसरीकडे, एका पोटरीवर रूळ फिरवला असता दुसऱ्या पोटरीचीही दाब सोसण्याची क्षमता वाढल्याचे प्रयोगांत दिसले आहे. ज्या पायाला हातही लागला नाही, त्यातली प्रावरणी कोणी सैल केली? बदल वेदनेच्या जाणिवेत झाला, असे मानणे येथे अधिक सयुक्तिक ठरते.

आराम किती, हाही प्रश्न आहेच. कंबरदुखीवरील मालिशच्या २५ चाचण्यांचा कॉक्रेन आढावा २०१५ मध्ये निघाला. थोड्या काळापुरता फायदा दिसला, पण पुराव्याचा दर्जा कमी होता. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेनेही २०१६ च्या कंबरदुखीवरील मार्गदर्शिकेत मालिशसारखे हस्तोपचार व्यायामाच्या जोडीनेच सुचवले.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळू. स्पष्टीकरण चुकीचे असले तर बिघडते काय? चिकटलेले काही तोडायचे आहे, असे मानणारा जोर वाढवत नेतो. रुग्ण काळेनिळे डाग 'गुणाची खूण' म्हणून सोसतो. आपले शरीर आतून जखडले आहे, या भीतीने तो हालचाल कमी करतो आणि पुन्हापुन्हा पैसे मोजतो. मज्जासंस्थेचे स्पष्टीकरण मान्य केले, तर सोसवेल एवढाच दाब पुरतो आणि चालण्याफिरण्याला मोल येते. दुखण्याबरोबर बधिरपणा, अशक्तपणा, ताप किंवा लघवीच्या तक्रारी असतील, तर मात्र आधी डॉक्टरांकडेच जावे.

वर्गात एक प्रयोग करून पाहावा. विद्यार्थ्यांनी गुडघे न वाकवता खाली वाकावे. बोटे जमिनीपासून किती उंच राहतात ते मोजावे. मग दोन मिनिटे तळव्याखाली चेंडू फिरवून पुन्हा मोजावे. अंतर कमी झाले, तर 'प्रावरणी सैल झाली' असे लिहिण्याआधी एक गट चेंडूशिवाय दोन मिनिटे नुसता बसवावा आणि त्यालाही पुन्हा वाकायला सांगावे. दोन गटांत फरक किती पडला, ते फळ्यावर लिहावे. फरक पडलाच, तर त्याची आणखी किती कारणे संभवतात, ते विद्यार्थ्यांनाच शोधू द्यावे.