‘मला मान्य आहे’ : एका नव्या गद्याचें परीक्षण

काव्य, नाटक, कादंबरी यांचीं परीक्षणें मासिकांतून नित्य येतात. करारनाम्याचें परीक्षण वाचल्याचें फारसें कोणाच्या स्मरणांत नसेल. परंतु सांप्रत घरोघर ज्या गद्यास सर्वाधिक मान्यता मिळते, आणि जें जवळ जवळ कोणीहि वाचीत नाहीं, तें करारनाम्याचेंच गद्य आहे. आज्ञा ऐकणारा स्पीकर, दारावरचा कॅमेरा, दूरचित्रवाणीचा नवा संच, असें ‘स्मार्ट’ म्हणविणारें कांहींहि घरांत आणिलें कीं, पडद्यावर एक लांबलचक लेख उमटतो आणि त्याच्या तळाशीं ‘मला मान्य आहे’ असें बटण असतें. ज्या लेखाखालीं एवढीं सुशिक्षित माणसें न वाचतां संमति देतात, त्याच्या गुणदोषांची चर्चा वाङ्मयाच्या टीकाकारानें करूं नये, तर कोणीं करावी?

आमच्या हातीं असा एक लेख आला तो चिखलीस, एका स्नेह्यांच्या घरीं. त्यांचे पुण्यास नोकरीस असलेले चिरंजीव दिवाळीस आले, ते आजीसाठीं बोलका स्पीकर घेऊन. आजींची दृष्टि अधू झालेली; गजानन महाराजांचें भजन ऐकावयाचें तर दुसऱ्याची वाट पाहावी लागूं नये, हा त्यांचा हेतु. यंत्र माजघरांत आजींच्या पलंगाशेजारीं ठेविलें, नातवानें फोनवरचें बटण दाबलें, आणि भजन सुरू झालें. आजींच्या मुद्रेवरचें समाधान आम्हीं पाहिलें आहे. म्हणून पुढील मजकूर यंत्राच्या द्वेषानें लिहिलेला नाहीं, हें आधींच सांगतों. नातवानें मान्य केलेला लेख मात्र आम्हीं मागून घेतला आणि दोन संध्याकाळीं बसून अथपासून इतिपर्यंत वाचला. तो कोणत्या कंपनीचा, हें सांगण्याचें प्रयोजन नाहीं. तशाच चार-पांच लेखांशीं तो ताडून पाहिला; सर्वांची घडण एकच.

या गद्याचा पहिला विशेष म्हणजे कर्त्याचा लोप. माहिती गोळा केली जाऊं शकते, वापरली जाऊं शकते, दिली जाऊं शकते. कोण गोळा करतो, कोणास देतो, किती दिवस ठेवतो, हें विचारूं गेल्यास कर्मणि प्रयोगाच्या पडद्याआड सारे नाहींसे होतात. दुसरा विशेष संदिग्धतेचा. काव्यांत संदिग्धता कधीं कधीं गुण ठरते, कारण तेथें वाचकाच्या कल्पनेस अवकाश मिळतो. येथें अवकाश मिळतो तो लेखकाच्या सोईस. सेवा अधिक चांगली करण्यासाठीं, या चार शब्दांत काय मावत नाहीं? तिसरा विशेष सर्वांत विलक्षण : वाचकानें मान्यता दिल्यावरहि लेखक आपला मजकूर बदलूं शकतो. ॲमेझॉन कंपनीनें अमेरिकेंतील आपल्या कांहीं यंत्रांवर, ध्वनिमुद्रण कंपनीकडे न पाठविण्याची सोय ठेविली होती. ती २०२५ च्या मार्चमध्यें काढून घेतली. ज्यांनीं त्या सोईवर विसंबून यंत्र घरांत ठेविलें असेल, त्यांच्या हातीं यंत्र तेंच राहिलें, करार मात्र दुसरा झाला.

मोघम शब्दांच्या पोटांत काय असूं शकतें, तें अन्यत्र उघड झालेलें आहे. अमेरिकेंत व्यापारावर देखरेख करणारें फेडरल ट्रेड कमिशन आहे. व्हिझिओ कंपनीचे सुमारें एक कोटि दहा लक्ष दूरचित्रवाणी-संच, घरांत काय पाहिलें जातें याची क्षणाक्षणाची नोंद मालकांच्या नकळत घेत होते, असा ठपका या आयोगानें २०१७ सालीं ठेविला. कंपनीस बावीस लक्ष डॉलर भरावे लागले. २०२३ सालीं त्याच आयोगानें आरोप केला कीं, अलेक्सा या यंत्रानें टिपलेले मुलांचे आवाज ॲमेझॉननें वाजवीपेक्षां अधिक काळ ठेविले, आणि आईबापांनीं पुसण्यास सांगितल्यावरहि ती माहिती पूर्णपणें पुसली नाहीं. कंपनीनें आरोप अमान्य केले, परंतु अडीच कोटि डॉलर भरण्याचें कबूल केलें. घरगुती कॅमेरे विकणाऱ्या रिंग या तिच्याच शाखेवर, नोकरांस ग्राहकांच्या घरांतील खासगी चित्रें पाहतां येत होतीं, असा आरोप त्याच वर्षीं झाला.

घरांत यंत्र येणें ही गोष्ट नवी नाहीं. याच जिल्ह्यांतील मेहकरचे कवि ना. घ. देशपांडे यांचें ‘शीळ’ हें गीत जी. एन. जोशी यांनीं गायिलें, आणि गेल्या शतकाच्या चौथ्या दशकांत त्याची ध्वनिमुद्रिका घरोघर पोंचली. ग्रामोफोनला चावी कोणीं दिली, तबकडी रात्रीं किती वेळां लावली, ऐकतां ऐकतां कोणाचे डोळे भरून आले, हें त्या यंत्रास ठाऊक नव्हतें. तें गात होतें, ऐकत नव्हतें. आजींच्या शेजारचें यंत्र दोन्ही करतें. आपल्या नांवाची वाट पाहत तें सदा कान देऊन असतें. नांव ऐकूं आलें, अथवा तसा भास झाला, कीं पुढचे शब्द दूरच्या गणकयंत्रांकडे पाठवितें.

यावर सुशिक्षितांकडूनच एक आक्षेप येतो. खासगीपणा ही पाश्चात्त्य कल्पना. दहा माणसांच्या घरांत वाढलेल्या आपणांस तिचें काय? वॉरन आणि ब्रँडाइस यांनीं १८९० सालीं या हक्कावरचा आपला प्रसिद्ध निबंध लिहिला तो अमेरिकेंत, हें खरें. परंतु ओसरी आणि माजघर हे शब्द कोणत्या परदेशांतून आले? माजघरांतलें बोलणें कोणी ओसरीवर आणीत नसे. सिंदखेडराजास लखुजी जाधवांच्या वाड्याचें महाद्वार आजहि उभें आहे. अशा वाड्यांच्या देवडीवरचा पहारेकरी पुष्कळ पाही, पुष्कळ ऐके. पण तो कोणाचें मीठ खातो हें साऱ्या घरास ठाऊक असे, आणि मिठास न जागला तर जाब कोणास विचारावयाचा हेंहि ठाऊक असे. आपल्या घरांत एकान्त थोडा होता. कोण ऐकतें आहे याचें ज्ञान मात्र होतें. नव्या यंत्रानें हेंच ज्ञान हिरावून घेतलें आहे.

माजघराचे गोडवे गातांना, त्याच भिंतींनीं किती सुनांचे हाल झांकले, हेंहि विसरतां येत नाहीं. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनीं २४ ऑगस्ट २०१७ रोजीं खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला. त्यांत न्यायमूर्ति धनंजय चंद्रचूड यांनीं ही जाणीव स्पष्ट बोलून दाखविली आहे. परंतु घरांतल्या अन्यायास वाचा फोडणें निराळें, आणि सारें घर एका परक्या व्यापाऱ्यास ऐकविणें निराळें. त्या सुनेचें रडणें व्यापाऱ्याच्या नोंदींत जमा झाल्यानें तिचे अश्रु पुसले जात नाहींत.

आतां कायदा भाषेच्या प्रांतांत शिरला आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याप्रमाणें संमति मोकळेपणानें, माहितीपूर्वक व निःसंदिग्धपणें दिलेली असावी. ती साध्या भाषेंत मागावी. आणि मजकूर इंग्रजींत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचींतील बावीसांपैकीं कोणत्याहि भाषेंत वाचण्याची सोय द्यावी. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्यें प्रसिद्ध झाले आणि कंपन्यांवरील मुख्य बंधनांसाठीं अठरा महिन्यांची मुदत ठेविली गेली. म्हणजे मराठी संमतिपत्रें लिहिलीं जाणार. तीं बरीं व्हावयाचीं तर शब्दांपासूनच हट्ट धरला पाहिजे. ‘गोपनीयता’ हाच शब्द घ्या. गोपन म्हणजे लपविणें. म्हणूनच ‘माझ्यापाशीं लपविण्यासारखें काय आहे?’ असें भोळेपणानें विचारलें जातें. आजींपाशीं लपविण्यासारखें कांहींच नाहीं. तरीहि आपल्या दुखण्याविषयींचें वा सुनेशीं झालेल्या कुरबुरीचें बोलणें कोणीं ऐकावें, हें ठरविण्याचा अधिकार त्यांचा आहे. शिवाय बटण दाबलें नातवानें. त्या खोलींत बोलतात आजी, सून, शेजारीण, धुण्याभांड्यांची बाई. एकाच्या अंगठ्यावर साऱ्या घराचें बोलणें लिहून दिलें गेलें.

या अंगठ्याचा इतिहास महाराष्ट्रास ठाऊक आहे. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांवर चाल केली, तेव्हां त्यांचा रोख मुख्यतः खतांवर होता. हातीं लागलेलीं खतें त्यांनीं जाळलीं. पुढें १८७९ च्या कायद्यानें दक्षिणेंतील शेतकऱ्यांचे असले दस्तऐवज ग्रामनिबंधकापुढें व्हावे, अशी तरतूद केली. वऱ्हाडास तो कायदा लागू नव्हता. पण आपण कशावर निशाणी करतों हें न कळतां केलेली निशाणी म्हणजे संमति नव्हे, हें तत्त्व कोणत्याहि प्रांतास लागू आहे. त्या काळीं अंगठा निरक्षराचा असे. आज त्या पडद्यापुढें आपण पदवीधरहि निरक्षरच असतों.

दुसऱ्या संध्याकाळीं लेखाचा सारांश आम्हीं आजींस सांगितला. त्यांनीं शांतपणें ऐकून घेतलें आणि एवढेंच विचारलें, “याले पगार कोन देते भाऊ?” त्या साऱ्या गद्यांत या प्रश्नाचें सरळ उत्तर देणारें एकहि वाक्य आम्हांस आढळलें नव्हतें. यंत्र टाकून दिलें नाहीं; भजन हवेंच होतें. तें माजघरांतून उचलून ओसरीवर ठेविलें, आणि भजन संपलें कीं त्याचे कान बंद करणारें बटण दाबण्याचें काम धाकट्या नातीकडे दिलें. आजींस आतां भजनासाठीं पुन्हां नातीची वाट पाहावी लागते. ही किंमत लहान नाहीं. पुढें जें मराठी संमतिपत्र येईल, तें त्याच ओसरीवर त्यांस मोठ्यानें वाचून दाखवावें. त्यांस तें कळलें नाहीं, तर त्या घरांत कोणींहि ‘मला मान्य आहे’ म्हणूं नये.