डिजिटल शिल्पन-प्रणालीतील साधे ॲनिमेशन : आकार आणि गती यांच्या संबंधाची चिकित्सा

प्रास्ताविक

डिजिटल शिल्पनाची संगणक-प्रणाली मूलतः स्थिर आकारासाठी जन्माला आली. १९९९ मध्ये सिग्राफ परिषदेत प्रथम मांडले गेलेले आणि २०२२ पासून मॅक्सॉनच्या मालकीचे असलेले 'झीब्रश' हे तिचे सर्वपरिचित उदाहरण. पडद्यावरील गोळा दाबणे, ओढणे, खरवडणे, त्यावर भर घालणे ही शिल्पकाराच्या हाताची कामे येथे ब्रशच्या साहाय्याने होतात. २०१० च्या चौथ्या आवृत्तीत या प्रणालीला कालरेषा म्हणजे टाइमलाइन मिळाली आणि शिल्प घडविणाऱ्याला दुसऱ्या प्रणालीकडे न जाता तेथेच साधे ॲनिमेशन करणे शक्य झाले. ही सोय स्वागतार्ह होती. तथापि तिच्यामुळे एक वाङ्‌मयबाह्य वाटणारा, परंतु वस्तुतः समीक्षेचाच असलेला प्रश्न उभा राहिला. शिल्प फिरले, म्हणजे ते हलले असे म्हणता येईल काय? ॲनिमेशन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या चित्रफितींचे मूल्यमापन करताना हा प्रश्न टाळता येत नाही; कारण आकाराला दिलेले गुण आणि गतीला दिलेले गुण यांची तेथे सहज सरमिसळ होते. जो विद्यार्थी केवळ सुबक आकार घडवितो तो गतीच्याही परीक्षेत उत्तीर्ण होतो, आणि ज्याने ओबडधोबड आकारात खरी हालचाल साधली तो मागे पडतो.

फिरता पाट

या प्रणालीत सर्वांत सहज साधणारे ॲनिमेशन म्हणजे 'टर्नटेबल', अर्थात फिरता पाट. सेकंदाला २४ चौकटी या हिशेबाने १० सेकंदांच्या चित्रफितीत २४० चौकटी होतात आणि प्रत्येक चौकटीत शिल्प दीड अंशाने वळते. यात आकाराचा एकही बिंदू आपल्या शेजारच्या बिंदूच्या संदर्भात जागा बदलत नाही. मूर्ती घडविणारा कारागीर पाटावरची मूर्ती फिरवून तिची मागची बाजू पाहतो, त्याहून ही क्रिया वेगळी नाही. ती पाहण्याची सोय आहे. तिला प्रदर्शन म्हणावे. ॲनिमेशन म्हणण्याची घाई करू नये.

गतीचा आभास तर स्थिर शिल्पानेही दिलेला आहे. गणपतराव म्हात्रे यांनी जे. जे. कला शाळेत विद्यार्थी असताना घडविलेले 'मंदिरपथगामिनी' हे शिल्प पाहावे. पूजेला निघालेली नऊवारीतील ती तरुणी जागची हललेली नाही, तरी शिल्पाच्या नावातील गमन तिच्या उभे राहण्यात आहे. ऑग्युस्त रोदँ यांनी पॉल ग्सेल यांच्याशी केलेल्या आणि १९११ मध्ये ग्रंथरूपाने आलेल्या संभाषणांत याची मीमांसा केली आहे. त्यांच्या मते शिल्पातील गती म्हणजे एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत होणारे संक्रमण. एकाच देहाच्या निरनिराळ्या भागांत निरनिराळे क्षण एकवटलेले असतात, आणि पाहणाऱ्याची नजर एका भागावरून दुसऱ्यावर जाते तेव्हा गती घडते. हा विचार मान्य केला तर फिरत्या पाटावरचे निर्जीव शिल्प हे 'मंदिरपथगामिनी'पेक्षा कमी गतिमान ठरते. यंत्राने दिलेली फिरकी ही शिल्पाची कमाई नव्हे.

थर आणि सरळ रेषा

खरा प्रश्न याच्या पुढे सुरू होतो. झीब्रशमध्ये आकारावर 'लेयर' म्हणजे थर चढविता येतात. थर म्हणजे रंगाचे पूट नव्हे. मूळ आकारातील प्रत्येक बिंदू किती आणि कोणत्या दिशेने सरकला याची ती नोंद असते. थराची तीव्रता शून्य असता मूळ चेहरा दिसतो, एक असता हसरा. कालरेषेवर या दोन खुणा केल्या की मधल्या चौकटी प्रणाली स्वतः भरते. ब्लेंडरमधील 'शेप की'चे तत्त्व हेच आहे, आणि त्याची परंपरा १९७२ मध्ये यूटा विद्यापीठात फ्रेडरिक पार्क यांनी केलेल्या चेहऱ्याच्या ॲनिमेशनपर्यंत मागे नेता येते.

मात्र मधल्या चौकटी भरताना प्रत्येक बिंदू सरळ रेषेत प्रवास करतो. देह तसा हलत नाही. खांद्याशी बांधलेला हात वर उचलला तर बोटाचे टोक कंस काढते. विद्यार्थ्याने खाली सोडलेला हात आणि ९० अंशांत उचललेला हात अशा दोन अवस्था उत्तम घडविल्या, तरी मध्यावर हाताची लांबी मूळच्या सुमारे ७१ टक्केच उरते. ६० सेंटिमीटरचा हात ४२ सेंटिमीटरचा होतो. जाडीही त्याच प्रतलात तेवढीच घटते, म्हणजे हाताचे आकारमान निम्म्यावर येते. हात पूर्ण १८० अंशांत फिरविला तर मध्यावर त्याची लांबी शून्य होते. तो खांद्यातच विरून जातो. सुरुवात सुंदर, शेवट सुंदर आणि मध्ये देहच नाही, असा हा प्रकार होय.

मातीच्या ॲनिमेशनशी तुलना केल्यास या उणिवेचे स्वरूप स्पष्ट होते. आर्डमन या ब्रिटिश संस्थेच्या 'वॉलेस अँड ग्रॉमिट' चित्रपटांत बाहुल्यावर कधीकधी कलाकाराच्या बोटांचे ठसे दिसतात, पृष्ठभाग किंचित थरथरतो. परंतु तेथे हात वाकविला म्हणून त्याचे वजन कमी होत नाही. माती आपले आकारमान स्वतः सांभाळते. कलाकाराला ते ठरवावे लागत नाही. हस्तचित्रित ॲनिमेशनमध्ये हा नियम कलाकाराने समजून पाळावयाचा असतो. चेंडू दबला तर तो रुंदावला पाहिजे, हे डिस्नेच्या परंपरेतील तत्त्व १९८७ मध्ये जॉन लॅसेटर यांनी संगणकीय ॲनिमेशनच्या संदर्भात पुन्हा मांडले. डिजिटल शिल्पनात पडद्यावरच्या पदार्थाला आपण 'क्ले' म्हणतो खरे, पण त्या क्लेला स्वतःच्या वजनाचे स्मरण नाही. शब्द मातीचा, वर्तन भूमितीचे.

म्हणून थरांच्या या पद्धतीचे क्षेत्र कोणते, हे समीक्षकाने ओळखावयास हवे. ३० अंशांच्या वळणात लांबीतील घट साडेतीन टक्क्यांहून कमी असते आणि ती डोळ्यांना खुपत नाही. भुवई उचलणे, गाल फुगणे, ओठांचा कोपरा हलणे, श्वासाबरोबर छाती वरखाली होणे, अशा लहान हालचालींत ही पद्धत खुलते. चालणे, धावणे, वळून पाहणे येथे ती उघडी पडते. चेहऱ्यातही एक सापळा आहे. पापणी नेत्रगोलावरून घसरत खाली येते; सरळ रेषेत आणली तर ती मधल्या चौकटींत बुबुळात घुसते. पुष्कळ विद्यार्थी डोळ्याची मिटलेली अवस्था तपासतात, उघडी तपासतात, आणि अर्धोन्मीलित अवस्था पाहतच नाहीत.

उपाय आहे आणि तो शिल्पकाराचाच आहे. मध्यावरची अवस्था स्वतंत्रपणे, हाताने घडवावी. ९० अंशांच्या उदाहरणात ४५ अंशांवर अशी एक अवस्था दिली की लांबीतील सर्वाधिक घट २९ टक्क्यांवरून ८ टक्क्यांच्या आत येते. अस्थिसांगाड्याची सोय असणाऱ्या प्रणालीत शिल्प नेऊन ही अडचण टाळता येते, व्यवसायात बहुधा तसेच केले जाते. परंतु शिकणाऱ्याने ती टाळण्यापूर्वी एकदा भोगलेली बरी. मधली अवस्था घडविताना त्याला कळते की गतीलाही शिल्पासारखाच घाट असतो.

घडणे हीच गती

या प्रणालीत आणखी एक अंतर्विरोध आहे. थर टिकावेत यासाठी बिंदूंची संख्या आणि क्रम कायम राहावा लागतो. उलट २०११ मध्ये आलेल्या 'डायनामेश' या सोयीत पृष्ठभागाची जाळी पुन्हा नव्याने विणली जाते, त्यामुळे भर घालणे, तोडणे, जोडणे खऱ्या मातीइतके मोकळे होते. पण जुन्या बिंदूंवर आधारलेली थरांची नोंद त्यात टिकत नाही. म्हणजे जेथे माती मुक्त आहे तेथे थरांची गती नाही, आणि जेथे ती गती आहे तेथे माती बांधलेली आहे.

या कोंडीतून वाट काढणारा एक प्रकार दुर्लक्षित राहिला आहे. शिल्प घडत असतानाच्या क्रमिक नोंदीची, म्हणजे टाइमलॅप्सची चित्रफीत सहसा तंत्राचे प्रात्यक्षिक म्हणून पाहिली जाते. तिच्याकडे ॲनिमेशन म्हणून पाहण्यास मराठी माणसाला तरी अडचण नसावी. 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) च्या आधी दादासाहेब फाळके यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ दिवसाला एक चौकट अशा रीतीने टिपली होती. तिच्यात पात्र नव्हते, प्रसंग नव्हता. आकार होत जाणे एवढाच विषय होता, आणि तेवढ्याने पाहणाऱ्यांचा विश्वास बसला. गोळ्यातून कपाळ वर येणे, डोळ्यांच्या खोबणी खोल होणे, चुकीचे नाक पुसले जाऊन दुसरे उगवणे, यांतील गती उसनी नाही. फरक एवढाच की रोप आतून वाढते आणि शिल्प बाहेरच्या हाताने. म्हणूनच केवळ वेग वाढविलेली नोंद पुरेशी नाही. कोणती चौकट ठेवावी, कोठे थांबावे, कोणती चूक दाखवावी याची निवड कलाकाराने केली तरच तिला रचना म्हणता येईल.

मूल्यमापनाच्या दृष्टीने याचा अर्थ साधा आहे. फिरत्या पाटाची चित्रफीत शिल्पाच्या गुणांसाठी ग्राह्य धरावी, गतीच्या गुणांसाठी नव्हे. हालचालीची चित्रफीत असेल तर ती मध्यावर थांबवून पाहावी आणि तेथे हात पुरता आहे काय, पापणी डोळ्याबाहेर आहे काय, हे तपासावे. यासाठी परीक्षकाला प्रणालीचे तांत्रिक शिक्षण लागत नाही, आणि दहा सेकंदांच्या चित्रफितीसाठी दोन मिनिटांहून अधिक वेळही लागणार नाही.