संकेतार्थातील स्वातंत्र्य : हवाईच्या पर्यायी इतिहासाचे कथनरूप

पर्यायी इतिहास घटितांच्या साखळीतील एखादा दुवा बदलून पुढील कार्यकारणभावाची पुनर्रचना करतो. जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचं पानिपत’ या कथेत असा दुवा १७६१ च्या रणांगणावरील एका गोळीत सापडतो. ‘हवाईचे राज्य स्वतंत्र राहिले असते तर’ या कल्पनेत मात्र दुव्याची निवड हाच वादाचा विषय ठरतो. कारण त्या निवडीतून इतिहासाचे कर्तेपण कोणाकडे जाते, हेही निश्चित होते.

सकृद्दर्शनी १७ जानेवारी १८९३ हा दिवस सोयीचा वाटतो. अमेरिकाधार्जिण्या व्यापारी-वकिलांच्या गटाने, ‘बॉस्टन’ या अमेरिकी युद्धनौकेवरील सैनिक होनोलुलूत उतरलेले असताना, राणी लिलिउओकलानी यांची सत्ता उलथवली. ते सैनिक उतरले नसते तर? किंवा हे सत्तांतर अन्यायाचे ठरवणाऱ्या अध्यक्ष क्लीव्हलंड यांनी राणीला गादी परत मिळवून दिली असती तर? या दोन्ही शक्यतांत कर्तेपण अमेरिकेकडेच राहते आणि हवाईयन समाज केवळ प्रेक्षक ठरतो. शिवाय १८४८ ची जमीनवाटणी, साखरेच्या मळ्यांना बळ देणारा १८७५ चा व्यापारी करार आणि राजावर बळाने लादलेली १८८७ ची राज्यघटना ही दीर्घ प्रक्रिया एका दिवसाआड झाकली जाते.

वस्तुतः राणीचे निषेधपत्रच संकेतार्थी आहे. १८४३ मध्ये ब्रिटिश नौदल अधिकारी पॉलेट याने बळकावलेले राज्य पाच महिन्यांनी परत मिळाले होते. राणीनेही बंडखोरांपुढे नव्हे, तर अमेरिकी शासनापुढे, आणि तेही वस्तुस्थिती जाणून ते आपल्या प्रतिनिधीचे कृत्य रद्द करीपर्यंतच, माघार घेतली. पुढे १८९७ मध्ये एकवीस हजारांहून अधिक स्वाक्षऱ्यांची विलीनीकरणविरोधी निवेदने वॉशिंग्टनला पोहोचली. विलीनीकरणाच्या कराराला सेनेटमध्ये दोन-तृतीयांश मते जमली नाहीत. १८९८ मध्ये साध्या बहुमताच्या संयुक्त ठरावाने ते साधण्यात आले. हवाईयन भाषेतील साधनांवर आधारलेल्या नोएनोए सिल्वा यांच्या २००४ मधील ग्रंथाने या प्रतिकाराची सविस्तर मांडणी केली आणि हवाईयन समाज निष्क्रिय होता, या समजाचे निरसन केले.

तेव्हा स्वतंत्र हवाई ही केवळ उत्तरकालीन लेखकाची कल्पना नव्हे. पराभूतांनी ती राजकीय मागणी म्हणून लेखी नोंदवली होती. तिची दखल न घेणारा पर्यायी इतिहास निष्कर्ष बदलतो, परंतु जेत्यांच्या इतिहासाची दृष्टी तशीच ठेवतो. या कथनप्रकाराची चिकित्सा करताना, काय बदलले याआधी कोणाच्या इच्छेने बदलले, हे तपासणे म्हणूनच आवश्यक ठरते.