सोंगाचे सोंग: शर्मन आणि कॅराव्हाज्जो

सिंडी शर्मन यांच्या ‘ऐतिहासिक व्यक्तिचित्रे’ (१९८८–९०) या मालेतील ‘शीर्षकहीन, क्र. २२४’ हे छायाचित्र कॅराव्हाज्जोच्या ‘आजारी बॅकस’चे विडंबन म्हणून वाचले, तर मूळ चित्राचे प्रामाण्य अबाधित राहते. वस्तुतः सुमारे १५९३ मधील ते चित्र कॅराव्हाज्जोचे आत्मचित्र मानले जाते. म्हणजे देवाचे सोंग तेथेही आहेच. शर्मन त्या सोंगाचे सोंग घेतात. पुरुष चित्रकाराने स्वतःसाठी राखलेली जागा येथे स्त्रीदेह व्यापतो. पण रंगभूषेमागे तो स्त्रीदेह म्हणून सहज ओळखू येत नाही. परिणामी प्रेक्षकाची नजर अडखळते. अभिजाततेचा अधिकार आशयातून येतो की पाहण्याच्या सवयीतून, हा प्रश्न ही अनुकृती मूळ कृतीलाच विचारते.